शेळी वाचवल्याबद्दल

आमच्या भागात अपमान एक वेळ चुकवता येतो, सत्कार चुकवता येत नाही. कोणी दहावी पास झालं, कोणी निवृत्त झालं, कोणाची बदली झाली, कोणाची झालेली बदली रद्द झाली, की शाल आणि नारळ घेऊन माणसं हजर. मी डहाणूत वाढले, त्यामुळे हे सगळं मला पाठ होतं. पण एका सतरा वर्षांच्या मुलीचं आयुष्य उधळून टाकायला एक शाल आणि एक नारळ पुरतो, हे मात्र संस्थेत नोकरीला लागल्यावरच कळलं.

२०१७ साली मी कॉलेज संपवून घरी आले. शाळा इंग्रजी माध्यमाची, घराभोवती अर्धी गुजराती वस्ती, त्यामुळे मला तीन भाषांत गप्प बसता येत होतं. संस्थेला नेमकं असंच माणूस हवं होतं. संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. ताईंनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "इंग्रजीत रिपोर्ट लिहिता येतात ना?" मी मान हलवली. तेवढ्यावर नोकरी लागली.

संस्थेने आधी शौचालयं बांधली होती. मग शौचालयांचा काळ सरला आणि प्लास्टिकचा आला. मी रुजू झाले तेव्हा प्लास्टिकही जुनं झालं होतं आणि किशोरवयीन मुलं सुरू झाली होती. त्यातच ताई मुंबईला एका कार्यशाळेला गेल्या आणि डोळे पुसतच परत आल्या. समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा मुलामुलींना किती एकटं वाटतं, ते त्यांना दोन दिवसांत समजलं होतं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, ताईंचा कळवळा खरा होता. अडचण तीच होती. खोट्या कळवळ्याला थांबवता तरी येतं.

परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी कार्यालयाबाहेर पाटी लागली, 'एलजीबीटीक्यू किशोरवयीन मुलांसाठी मुक्त संवाद केंद्र'. कार्यालय डहाणूत, चिकू भरायच्या शेडच्या मागे. पुढच्या महिन्याभरात मुक्त संवादासाठी एकच गृहस्थ आले. पाटीवरची अक्षरं वाचून त्यांना ते कुठल्याशा कंपनीचं सर्व्हिस सेंटर वाटलं होतं आणि त्यांचा मिक्सर बिघडला होता. ज्या गावात मुलगी स्टेशनवर कोणाशी बोलली हे ती घरी पोचण्याआधी घरी पोचतं, तिथे त्या पाटीखालून आत शिरणारं मूल एक तर फार शूर असणार, नाहीतर मिक्सर घेऊन आलेलं.

मी पहिल्यांदाच स्वतःहून बोलले. "ताई, स्पोकन इंग्लिश असं लिहू या का?"

"पण ते खोटं होईल."

"मी खरंच शिकवेन."

पाटी बदलली आणि खोली भरली. कैनाडहून, कोसबाडच्या बाजूच्या वसतिगृहांतून, किनाऱ्यावरच्या गावांतून मुलं मंगळवारी येऊ लागली. आईवडील स्वतः आणून सोडत. वर्ग संपला की बहुतेक जण निघून जात. काही जण उगाच वही शोधत, चप्पल शोधत, पाणी पीत मागे रेंगाळत. ज्यांना खरं बोलायचं होतं, ते असे थांबत गेले आणि ताईंभोवती गोल करून बसू लागले. दाराशी मी चहा करत असे, म्हणजे मला गोलात बसावं लागत नसे आणि मला कोणी काही विचारतही नसे.

तिथे मला एक गोष्ट कळली. मुलं जे मराठीत सांगू शकत नव्हती, ते मोडक्या इंग्रजीत बिनधास्त सांगत. "आय ॲम फिअर. माय फादर नॉट नो." इंग्रजीत बोललं की ते आपण बोललोच नाही असं वाटतं, हे मला माझ्या शाळेपासून माहीत होतं. कैनाडची एक मुलगी मात्र फक्त आणि फक्त इंग्रजीसाठी यायची. तिला विमानतळावर नोकरी करायची होती. एकदा एक जण बोलता बोलता रडायला लागला तेव्हा तिने त्याला आपली पाण्याची बाटली दिली आणि मला म्हणाली, "दीदी, त्याला रडू द्या, पण माझा पॅसेज राहिला तर चालणार नाय." समाजाने स्वीकार करणं म्हणजे काय, यावर ताईंकडे बरीच पुस्तकं होती. एकातही हे वाक्य नव्हतं.

त्या मागे रेंगाळणाऱ्यांत ती होती. वाढवणच्या अलीकडच्या मच्छीमार वस्तीतली, बारावीत शिकणारी. बाप बोटीवर, आई बोंबील सुकवून बाजारात विकणारी. ती इंग्रजीचा आडोसा घेत नसे. मराठीत बोलायची, आणि पुष्कळ बोलायची. बोंबील वाळत घालताना दोन मासे घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, हे तिनेच मला पेन्सिली घेऊन करून दाखवलं. वर म्हणाली, "यात नर कोण, मादी कोण बघत बसलो ना दीदी, तर दुपार जाईल. आमच्याकडे कोण बघत नाय." आणि स्वतःच हसली.

२०१८च्या पावसाळ्यात एका मंगळवारी ती ताईंसमोर म्हणाली, "मला पोरी आवडतात. म्हणजे एकच आवडते, पण कोण ते सांगणार नाय." सगळे हसले. मग ती गंभीर झाली. "आईला मी सांगणार हां. मीच. पण बोंबलाचा हंगाम आला की तिला डोकं खाजवायला वेळ नसतो. हंगाम जाऊ दे, बारावी होऊ दे, मग सांगेन. त्याच्या आधी बाहेरनं कळलं ना, तर बारावी पण गेली. मामा नवरा शोधूनच बसलाय."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने विचारलं, "हे इथंच राहील ना?"

"अगं, अर्थात!" ताई म्हणाल्या.

ताईंचं 'इथं' केवढं आहे हे आम्हा दोघींना तेव्हा माहीत नव्हतं. त्यात शेजारचा तलासरी तालुकासुद्धा येत होता.

सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही, आणि ताईंना पंख फुटले. आता लपायचं काही कारणच उरलं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. निकाल लागल्यावर तो दुसऱ्या दिवशीच्या एसटीने गावोगावी पोचतो असा त्यांचा समज असावा. दिवाळीनंतर तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. लोक घराबाहेर झोपायला लागले, शाळा झाडाखाली भरायला लागल्या. जिथे जमीनच दर आठवड्याला हलत होती, तिथे समाजाचं मन हलवायला ताईंनी मेळावा ठरवला, 'किशोरवयीन समावेश मेळावा'. छताखाली बसायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मैदानात मांडव. प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले एक साहेब. समावेश म्हणजे कुठल्यातरी योजनेत नावं घालणं, अशा समजुतीने ते आनंदाने यायला तयार झाले. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. इंग्रजी माध्यमातल्या मुलींना आत्मविश्वास असतो, ही अफवा आमच्याकडे फार जुनी आहे.

मेळाव्याच्या आठवडाभर आधी ताई मला म्हणाल्या, "शेवटी तिचा सत्कार करायचा. मी स्वतः बोलणार तिच्याबद्दल. सगळ्यांसमोर. आपल्या भागातली पहिली मुलगी, जिने स्वतःला स्वीकारलं."

माझ्या हातातला कप खाली ठेवायला मला जागा सापडेना. "तिला विचारलंत?"

"विचारलं तर सरप्राइज कसलं? तिच्या घरी फोन केलाय मी. मुलीचा सत्कार आहे, सगळ्यांनी या म्हटलं. कशाबद्दल ते तिथेच कळेल."

"तिच्या आईला माहीत नाही, ताई."

"म्हणून तर! टाळ्यांच्या कडकडाटात कळलं की आईला स्वीकारणं सोपं जातं."

"तिचा मामा तिचं लग्न…"

"तू फार घाबरतेस. लपवणं हीच तर समस्या आहे."

मी तिला फोन केला. तिने ताईंना फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. ताई तिला म्हणाल्या, "ही तुझी भीती बोलतेय बाळा, तू नाही." स्वतःचं 'नको'सुद्धा तिच्या नावावर राहिलं नव्हतं.

तिने मला परत फोन केला. "दीदी, मी आजारी पडले तर सत्कार रद्द होतो काय?"

"तुझ्या आईकडे घरी आणून देतील. भाषणासकट."

"आणि आईने टेम्पो सांगितलाय. काकू, शेजारीण, सगळ्या येतायत. आमच्या आळीत आजपर्यंत कोणाचा सत्कार झाला नाय. आईने सगळ्यांना सांगितलंय, शेळीसाठी आहे म्हणून."

"कसली शेळी?"

तेव्हा मला शेळी कळली. श्रावणात भरतीच्या वेळी शेजारच्या मावशींची शेळी खाडीच्या चिखलात रुतली होती आणि हिने कमरेला दोरी बांधून ती बाहेर ओढली होती. सत्कार आहे आणि कारण माहीत नाही, ही अवस्था आळीला सहन होण्यासारखी नव्हती. तेव्हा सगळ्यांनी बसून कारण शोधलं आणि शेळीपाशी एकमत झालं.

मग ती हळूच म्हणाली, "शेळीसाठीच असू दे ना, दीदी. माइक तुझ्याकडेच आहे ना?"

मेळाव्याचा दिवस उजाडला. मांडवात तलासरीच्या शाळांची मुलं, त्यांचे मास्तर, धक्क्यांना कंटाळलेले गावकरी. टेम्पोतून उतरलेल्या बायका नव्या साड्यांत पहिल्या रांगेत बसल्या होत्या, केसांत अबोली, आणि एवढ्या लांब येऊनही अंगाला बोंबलाचा वास. तिची आई सगळ्यांत ताठ बसली होती. शेजारीण मावशींनी मला खूण करून जवळ बोलावलं. "शेळी माझी हां," त्या म्हणाल्या. "गाभण होती. ते पण सांगा." फोनवर ती गाभण असल्याचं काही आलं नव्हतं, पण सत्काराच्या शेळीला एवढं चालतं.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, ताईंनी समावेश या विषयावर प्रास्ताविक केलं. ते मुलांना कळलं नाही आणि साहेबांनाही कळलं नाही, त्यामुळे अजून काही बिघडलं नव्हतं. मग ताईंनी मला मान हलवून इशारा केला. मी फक्त तिचं नाव पुकारायचं, ती मंचावर येणार, आणि ताई माइक घेणार, असं ठरलेलं होतं.

मी तिचं नाव पुकारलं. आणि माइक सोडला नाही.

"भरतीच्या पाण्यात जिवाची पर्वा न करता," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला, "खाडीतून शेळी वाचवल्याबद्दल."

पहिल्या रांगेने जी टाळी वाजवली, ती मुंबईच्या कुठल्याही कार्यशाळेत मिळाली नसती. ती मंचावर आली. साहेबांनी शाल घातली. ताई माझ्याकडे बघत होत्या, कीव आणि राग दोन्ही. बिचारी घाबरून चुकीचं बोलली, असं त्यांना वाटलं असावं. त्या उठल्या आणि माइककडे यायला लागल्या.

"जिची शेळी वाचली, त्या मावशींनी कृपया मंचावर यावं," मी घाईने म्हणाले.

मावशी मंचावर येईपर्यंत ताई थांबल्या, कारण मंचावर येणाऱ्या बाईला आडवं जाता येत नाही. मावशींनी माझ्या हातून माइक घेतला. त्या बाजारात मासळी विकतात, त्यांना तसा माइक लागत नव्हता. शेळी कुठून घेतली, कशी चरायची, खाडीत कशी गेली, पाणी कसं चढलं, सगळं आलं. मांडव हसला, हळहळला. मागून एक म्हातारा ओरडला, "शेळी आणली काय सोबत?" मावशी म्हणाल्या, "तिला टेम्पो लागतो बाबा, ओकते!"

मग जे व्हायचं ते झालं. आमच्याकडे एकाचा सत्कार झाला आणि दुसऱ्याचा राहिला, तर तो दुसरा पुढची दहा वर्षं लक्षात ठेवतो. एक मुख्याध्यापक उठून म्हणाले, "आमच्या मुलांनी धक्का बसला तेव्हा पहिलीची पोरं उचलून बाहेर आणली. शेळीचा मान होतो, त्यांचा नाही?" मी लगेच त्या मुलांना बोलावलं. मुलांना दिला तर मास्तरांना द्यायला हवा. इथल्या मास्तरांना दिला तर शेजारच्या शाळेच्या मास्तरांनाही. ताई दोनदा माइकपर्यंत आल्या आणि दोन्ही वेळा कोणाला तरी नारळ देण्यासाठी त्यांनाच पुढे करण्यात आलं. शाली संपल्या. मांडववाल्याने मंचावरून उतरलेल्यांच्या शाली मंचाच्या मागून घडी घालून परत आणल्या, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नारळ संपल्यावर पाहुण्यांसाठी आणलेले चिकू दिले.

साहेब खुलले होते. समावेशावर काय बोलायचं ही त्यांना सकाळपासून चिंता होती. शेळी हा त्यांचा विषय निघाला. ते शेळीपालनावर बोलले, अनुदानावर बोलले, मग घड्याळ बघून त्यांना एका लग्नाची आठवण झाली. ते निघायला उठले, आणि ताईंनी शेवटी माझ्या हातातून माइक काढून घेतला.

"एक मिनिट, एक मिनिट," ताई म्हणाल्या. "मला आज या मुलीबद्दल एक खूप महत्त्वाची गोष्ट…"

ती मंचाच्या कडेला उभी होती, खांद्यावर शाल. तिने आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मला माइकशिवाय कधी कोणी ऐकलं नव्हतं, माइक असताना तो पहिलाच दिवस होता. मी श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं."

मुलं एका दमात उभी राहिली. मास्तर उभे राहिले. साहेब अर्धे उठले होते, ते पूर्ण ताठ झाले. पहिल्या वाक्याला दोनतीनशे गळे एकदम सुरू झाले आणि ताई माइक छातीशी धरून सावधान उभ्या राहिल्या. त्या देशभक्त होत्या. आणि राष्ट्रगीत झाल्यावर आमच्याकडे कोणी परत खाली बसत नाही. 'भारत माता की जय' संपायच्या आत पोरं चपलांकडे धावली होती.

ताई मंचावरून उतरल्या आणि सरळ तिच्या आईकडे गेल्या. पण ताईंना बोलता येईना. त्यांनी त्या बाईच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला सुरुवात केली. "तुम्ही फार नशीबवान आहात," एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं. आईने एका हातात नारळ धरला होता. दुसऱ्या हाताने तिने ताईंची पाठ थोपटली आणि त्यांच्या खांद्यावरून मुलीकडे पाहत राहिली. मग टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

त्यानंतर ताई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी रिपोर्ट लिहायचा होता, तेव्हा बोलल्या. साहेबांच्या कार्यालयातून मेळाव्याचं कौतुक आलं होतं आणि सोबत शेळीपालनाच्या प्रशिक्षणाबद्दल विचारणा. नव्या वर्षात संस्था शेळीपालनाकडे वळली. किशोरवयीन मुलांचे सचित्र तक्ते कपाटावर गेले आणि ताई शेळ्यांच्या एकटेपणाविषयी नसलं तरी त्यांच्या लसीकरणाविषयी तितक्याच कळवळ्याने बोलू लागल्या. मंगळवारच्या स्पोकन इंग्लिशकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. त्याला याहून चांगलं काय होणार होतं? वर्ग चालू राहिला. मागे रेंगाळणारे रेंगाळत राहिले, आणि कैनाडच्या मुलीचा एकही पॅसेज राहिला नाही.

२०१९च्या मे महिन्याच्या शेवटी ती वर्गात आली. बारावीची परीक्षा देऊन झाली होती. हंगाम संपून बोटी ओढून वर घ्यायचे दिवस होते. बाकीचे गेल्यावर ती पाणी प्यायला थांबली.

"सांगितलं," ती म्हणाली.

मी चहाचं पातेलं खाली ठेवलं.

"दोऱ्या सोडत होतो आम्ही. शेवटचे बोंबील काढले, तेव्हा सांगितलं. आई टोपली भरत राहिली. मग विचारते, हे स्पोकन इंग्लिशमुळे झालं काय? मी म्हटलं, नाय गो, आधीपासनं आहे. इंग्लिश मला अजून येत नाय."

"मग?"

"मग दोन दिवस बोलली नाय. जेवायला वाढायची, पण बघायची नाय. तिसऱ्या दिवशी बाजारातून आली, टोपली उतरवली आणि म्हणते, मला तेव्हाच वाटलेलं. ती तुमची ताई माझ्या गळ्यात पडून रडली ना. शेळीसाठी कोण रडतं गो?"

मला हसू आलं आणि ते थांबेना. तीही हसली, पण थोडंच. "म्हणजे तिला तेव्हापासून काहीतरी लागून राहिलेलं. विचारलं नाय. म्हणते, विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस."

"आणि मामा?"

"मामाला ती सांगणार, पोरगी पुढे शिकतेय, आत्ता नको. आवडलंय तिला असं नाय हां, दीदी. रात्री उठून बसते कधीकधी. पण कॉलेजचं तिनेच काढलं."

"बाबांना?"

तिने ग्लास विसळून पालथा घातला. वाढवणला होऊ घातलेल्या बंदराविरुद्ध गावात तेव्हा सभा चालू होत्या, तिचा बाप रोज एका सभेला जात होता. हे बंदराचं भांडण ती जन्मायच्या आधीपासून चालू होतं.

"आई म्हणते, त्याच्या डोक्याला आत्ता ताप नको. आधी बंदराचं मिटू दे, मग सांगू." ती दाराशी गेली, चपला घातल्या आणि वळून म्हणाली, "तोपर्यंत माझं एमए होईल."